एका माणसाला एक जुडी जास्त होते

३ फेब्रुवारी, सोमवार

उजळली! कडेपर्यंत उजळली!

सहाच्या सहा उंदरांत. खोलीतले सगळे दिवे बंद केले, जांभळा दिवा लावला, मेंदूचा काप खाली सरकवला — आणि गाठीची कड लालभडक. नुसता मधला गोळा नव्हे, कड! जिथे गाठ संपते आणि चांगला मेंदू सुरू होतो ती जागा. तिथेच तर सगळं अडतं. सर्जनला साध्या उजेडात गाठ आणि मेंदू सारखेच दिसतात. दिसेल तेवढं तो काढतो, उरलेलं पुन्हा वाढतं. आमची सोळा रसायनं त्या कडेशी येऊन फिकी पडली. सतराव्याने टोकापर्यंत रंग भरला.

सरांना बोलावलं. अंधारात स्टुलाला अडखळत आले. पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत पाहिलं. आख्ख्या उंदराच्या फोटोत पोटही चांगलंच चमकत होतं, ते मी दाखवलं. "पोटाचं सोडा हो मॅडम, डोक्याचं बोला!" म्हणाले आणि गुणगुणत बाहेर गेले. इतका बेसूर माणूस आनंदात आला की ऐकवत नाही.

मलाही कुणाला तरी सांगायचं होतं. पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही, सगळे जेवायला गेलेले. शेवटी खाली प्राणीघरात गेले आणि काकांना सांगितलं. काका तिथे वीस-बावीस वर्षं आहेत. पिंजरे, पाणी, खाणं सगळं तेच बघतात. म्हणाले, "म्हणजे पास झाले म्हणायचे उंदीर?"

पास झाले, म्हटलं. बिचारे पास होऊन मेले.

४ फेब्रुवारी

काल सातला ढब्बूला फोन केला. ढब्बू म्हणजे माझा धाकटा भाऊ. (वही नवी आहे, ओळख करून द्यायला हवी.) लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू. आता व्हिडिओवर पाहिलं की शर्टच बसलाय असं वाटतं, आत माणूस शोधावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यातली गाठ काढली. मंद वाढणारी जात. हळू वाढते म्हणून लोक म्हणतात नशीबवान. पण हीच जात बाजारातल्या जुन्या औषधाने उजळत नाही! सर्जन म्हणाले, "दिसलं तेवढं काढलं." डिसेंबरात स्कॅन केला तर कडेला परत आली आहे.

मी त्याला तेव्हाच सांगितलं, आत्ता घाई करून आंधळेपणाने दुसरं ऑपरेशन करून घेऊ नकोस. सतरा नंबर येतोय. सर म्हणतात वर्षअखेर पहिल्या रुग्णांना देऊन बघायचं, आणि तेही त्याच्याच हॉस्पिटलमध्ये. कड दिसली की सगळी निघेल. थांब.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर थांबतो."

काल फोटोचं सांगितल्यावर म्हणाला, "बघ, मी उगीच नाही थांबलो." किती बरं वाटलं मला! स्कॅनचे फोटो पाठव म्हणून पुन्हा सांगितलं. "पाठवतो, पाठवतो." कधीचा पाठवतोय.

१२ फेब्रुवारी

एका माणसाला एक जुडी जास्त होते.

भाजीवाली अर्धी देत नाही. "उरलेली अर्धी मी कुणाच्या गळ्यात घालू?" म्हणते. तिचंही बरोबर आहे. पालक घ्यावा तर दोन दिवस तोच खावा लागतो, तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये पिवळा. टाकून द्यायला जिवावर येतं. आई पानाचा एक देठ वाया घालवायची नाही.

म्हणून नोव्हेंबरपासून अर्धी जुडी काकांना देते. धुऊन, कोरडी करून, लॅबमधलं निळं रबरबँड लावून. "काकूंना द्या." दुसऱ्या दिवशी विचारते, आवडली का काकूंना? "आवडली की! म्हणाली बाईंच्या हातची भाजी ताजी असते." माझ्या हातची कसली, मी नुसती धुते. पण ऐकायला छान वाटतं.

दोन मिनिटांचं बोलणं. दिवसातलं पहिलं. ढब्बूचा फोन सोडला तर पुष्कळदा शेवटचंही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुटी. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. सातला ढब्बूला फोन लावला तेव्हा स्वतःचाच आवाज घोगरा आला. "सर्दी झाली का?" म्हणाला. हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

आज फोनवर भाची आली. चौथीत आहे. "आत्या, बाबा म्हणतात तू डोक्यातले दिवे लावतेस."

मग तिला समजावलं. पॉर्फिरिन म्हणजे एक गोल कडं, फार फार बारीक. त्या कड्याच्या मधोमध लोखंड बसलं की त्याने आपलं रक्त लाल होतं. जवळपास तशाच कड्यात मॅग्नेशियम बसलं की झाडाचं पान हिरवं होतं. रक्त आणि पान, एकाच घराण्यातले चुलत भाऊ! आणि यातल्या काही कड्यांवर जांभळा उजेड टाकला की ती लाल चमकतात. आपलं औषध हे त्याच घराण्यातलं. ते गाठीत जाऊन बसतं आणि सांगतं, इथे आहे, इथे आहे.

"मग पालकसुद्धा चमकतो?"

"चमकतो. त्याचा रस काढून धरला तर लाल दिसतो."

"हॅ! हिरवा पालक लाल? आत्या फेकते," असं ओरडत पळाली. मागून ढब्बूचं हसणं ऐकलं. सहा वर्षांत असं हसणं ऐकलं नव्हतं मी.

त्या सहा वर्षांबद्दल लिहायला हवं कधीतरी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी 'या महिन्यात प्रयोग सोडून येता येत नाही' असं तीन महिने म्हणत राहिले. चौथ्या महिन्यात आई गेली. ढब्बू ओरडला नाही, रडला नाही. म्हणाला, "जा तू. तुझे उंदीर वाट बघत असतील." त्यानंतर वर्षाला एक फोन, वाढदिवसाचा, तोही भावजयीने लावून दिलेला. मी काय बोलणार होते? तो खरं तेच बोलला होता.

सतरा नंबरमुळे आम्ही बोलायला लागलो. रोज सांगण्यासारखं काहीतरी असतं.

१ मार्च

ढब्बूला आज 'चमचा' आठवेना. "ते... ढवळायचं" म्हणाला. मग स्वतःच विषय बदलला.

४ मार्च, मंगळवार

दुसरी फेरी सुरू. बारा उंदीर. सहांना सतरा नंबर टोचायचा, सहांना तुलनेसाठी नुसतं खारं पाणी. ज्यांना सतरा टोचणार ते आठवडाभर आधीच अंधाऱ्या खोलीत नेले, म्हणजे रुळतील. हे औषध अंगात असताना उजेड लागला तर कातडी भाजते, म्हणून हा खटाटोप. काळा पडदा, आत एक मंद लाल दिवा, बस.

अंधाऱ्या खोलीत सहाच पिंजरे मावतात. खाऱ्या पाण्याचे सहा बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. गेल्या खेपेलाही असंच केलं होतं. जागाच नाही तर काय करणार!

काका अंधारातल्यांना बघून चुकचुकतात. म्हटलं, काका, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. "दहा दिवस म्हणजे त्यांचं आयुष्य किती, बाई?" म्हणाले. हिशेब त्यांचा बरोबर आहे.

११ मार्च

टोचलं.

१४ मार्च

पुन्हा! सहाही! खाऱ्या पाण्याचे सहा काळे ठिक्कर, आणि आपले सहा कडेपर्यंत लाल. रंग गेल्या खेपेपेक्षा थोडा कमी आहे, पण आहे! सर म्हणाले, "दोनदा आलं म्हणजे आलं." एप्रिलअखेरच्या परिषदेत ते बोलणार. माझं नाव पहिलं घालणार म्हणाले. मी म्हटलं, कशाला, आणि मनात म्हटलं, घालाच.

ढब्बूला सांगितलं. "ताई," म्हणाला, "आईला सांगायला हवं होतं गं."

फोन ठेवल्यावर खूप रडले. चांगलं रडणं होतं ते.

१८ मार्च, मंगळवार

काहीतरी चुकलंय.

आज फ्रिज आवरत होते. सतरा नंबरच्या बाटल्या मी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवते, उजेड लागला की तो मरतो. मागच्या कोपऱ्यात एक बाटली सापडली, फॉइलमध्ये, वर माझ्याच अक्षरात '११ मार्च'. झाकण उघडलेलंच नाही! रंग गर्द, जांभळट, जसा हवा तसा.

मग मी टोचलं काय?

टोचताना वापरलेली बाटली काचेच्या कचऱ्याच्या डब्यात अजून पडली होती. तिच्यावरही फॉइल, पण आत तारीख जानेवारीची. ही ती बाटली, जी मी मुद्दाम खिडकीत ठेवली होती, किती दिवसांत मरतो ते बघायला. बघून झाल्यावर फॉइल गुंडाळून ठेवून दिली, टाकायची राहिली. तळाला थेंबभर उरलं होतं. चहासारखं तपकिरी. जांभळ्या दिव्याखाली धरलं, काही नाही. मेलेलं.

मी सहा उंदरांना मेलेलं औषध टोचलं. आणि तरी कड उजळली!

मिनिटभर आनंदच झाला मला, मूर्खासारखा. वाटलं, बघा, मेला तरी काम करतो! मग दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आणि तारखा परत वाचल्या.

१९ मार्च

झोप नाही. उंदरांत दुसरं काय लाल चमकेल? खाणं? ते तर आम्ही खास मागवतो, हिरव्याचा अंशही नसलेलं, कारण चाऱ्यातल्या हिरव्याने उंदीर चमकतात हे आमच्या धंद्यात पोरासोरांना माहीत आहे. दारावर मीच पाटी लावली आहे: 'ठरलेल्या खाण्याशिवाय काहीही देऊ नये.'

आणि समजा काही गेलंच पोटात, तर खाऱ्या पाण्याचे का नाही चमकले?

पोट. फोटोतलं पोट! 'पोटाचं सोडा हो.'

२१ मार्च, शुक्रवार

अकरा वाजता अंधाऱ्या खोलीत गेले. पुढच्या फेरीचे सहा कालच आणून ठेवलेत. पडद्यामागे उभी राहिले, पिंजऱ्यांचे नंबर लिहून घेत होते. काका आले. मी आहे हे त्यांना दिसलं नाही. लाल दिव्याखाली खिशातून काहीतरी काढलं, रबरबँड सोडलं, आणि एकेका पिंजऱ्यात एकेक पान सरकवायला लागले. त्या उजेडात पान काळं दिसतं. रबरबँडचा रंगही कळत नव्हता, पण मला तो माहीत होता.

"घ्या रे," त्यांना सांगत होते. "बाहेरच्यांना खिडकी तरी आहे. तुम्ही बसलाय अंधारात."

मी म्हटलं, "काका, हे काय?"

दचकले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्याच घरची आहे. धुतलेली."

"दारावर पाटी आहे ना?"

"ती बाहेरचं काही देऊ नका म्हणून ना? हे बाहेरचं कुठे आहे?" मग माझ्याकडे पाहून गोंधळले. "चुकलं का काही?"

मी म्हटलं, "पण मी तर काकूंसाठी देत होते."

काका रबरबँड बोटाला गुंडाळत राहिले. "ती जाऊन चार वर्षं झाली, बाई. मी खानावळीत जेवतो. घरी गॅसही नाही आता."

"मग रोज आवडली म्हणून सांगत होता?"

"तुम्ही विचारायचात ना. नाही कसं म्हणायचं?"

वर आले. दार लावून घेतलं. अर्धी जुडी नोव्हेंबरपासून, दर दोन-तीन दिवसांनी. पहिली फेरी जानेवारीत. अंधारातल्यांनाच पान, खिडकीतल्यांना नाही. खाऱ्या पाण्याचे उंदीरही अंधारातच ठेवायला हवे होते. जागा नव्हती म्हणून ठेवले नाहीत! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता.

चौथीतल्या पोरीने विचारलं होतं, पालक चमकतो का. मी छान समजावून सांगितलं.

२२ मार्च

ढब्बूला फोन. "आज काय झालं?" "विशेष नाही. फोटो छापायचं काम चालू आहे." खोटं बोलले.

२४ मार्च

सरांना सांगायला दोनदा दारापर्यंत गेले. आत परिषदेच्या भाषणाची तालीम चालली होती, भिंतीसमोर. परत आले.

२७ मार्च

खरं काय ते लिहिते, इथे तर मला कुणी बघत नाही.

काकांची नोकरी जाईल म्हणून मी गप्प आहे असं स्वतःला सांगतेय. जूनमध्ये ते निवृत्त होणार, तेवढे अडीच महिने निघावेत. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मी गप्प आहे कारण सांगितलं की सातचा फोन संपला. सतरा नंबर नसेल तर मी ढब्बूशी काय बोलू? हवापाणी? आईबद्दल?

आणि तो तिकडे थांबला आहे. माझ्या शब्दावर. कडेने गाठ वाढते आहे, तो 'चमचा' विसरतो आहे, आणि मी इथे माझ्या दहा मिनिटांसाठी तोंडाला कुलूप लावून बसले आहे. आईच्या वेळी निदान प्रयोग खरा होता.

२८ मार्च

आज 'खिडकी' विसरला. "ते बाहेर बघायचं."

३१ मार्च, सोमवार

सांगितलं सरांना. सगळं एका दमात. बाटली, पान, अंधारी खोली.

चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "भाजी कुणाची?"

"माझी."

"दिली कुणी?"

"भाजी माझी होती, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. त्या क्षणी मला त्यांचं बेसूर गाणंही माफ झालं. म्हणाले, "एकदा नीट करून बघू. तीन गट, सगळे अंधारात. नुसतं पान, नुसता सतरा, नुसतं पाणी. तोवर भाषण मी थांबवतो."

पिंजऱ्यांना जागा? सरांनी स्वतःचं कपाट अंधाऱ्या खोलीतून बाहेर ओढलं. इतकी वर्षं तिथे त्यांची जुनी मासिकं होती.

१ एप्रिल

काकांना म्हटलं, आता काहीच द्यायचं नाही, अगदी माझ्या घरचंसुद्धा. मान हलवली. "बाई, तुमच्यावर आलं का माझ्यामुळे?" नाही म्हटलं. मग दोघंही उभे राहिलो. भाजी नसली तर काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "आज ऊन आहे."

हो म्हटलं, आहे.

१४ एप्रिल, सोमवार

नुसतं पान खाल्लेले: कड लाल.

नुसता सतरा, चांगल्या बाटलीतला: मधला गोळा लाल, कडेला फिका. सोळासारखाच. पंधरासारखाच.

नुसतं पाणी: काळं.

सर म्हणाले, "हे सगळं लिहून काढा. चुकलं कसं, तेही छापायचं. दुसरं कुणी तरी वाचेल." मग दारातून परत वळले. "बरं झालं मॅडम, माणसांपर्यंत जायच्या आधी आपल्यालाच कळलं." मी म्हटलं, पान कड दाखवतं, त्यात काही असेल का? तर म्हणाले, "असेल, नसेल. उंदराच्या पोटात किती गेलं हेही आपल्याला माहीत नाही. पहिल्यापासून सुरू करावं लागेल. वर्षं लागतील."

वर्षं. सरांकडे आहेत, माझ्याकडेही असतील.

१५ एप्रिल, मंगळवार

सातला फोन लावला. "ढब्बू, सतरा नंबर खोटा निघाला. माझी चूक झाली. तू थांबू नकोस. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊन तारीख घे. चार महिने गेले माझ्यामुळे. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं आणि मी बोलले नाही."

तो म्हणाला, "बरं."

"रागाव तरी!"

"कशाला? बरं... मग उद्या काय करणार तू?"

मी फोन ठेवून दिला.

१६ एप्रिल

सात वाजता मी फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करू? सव्वासातला त्याचा आला. वाजू दिला. वाजत असताना समोर बसून होते.

१७ एप्रिल

परत आला. परत वाजू दिला.

१९ एप्रिल, शनिवार

आज आला नाही. सातपासून साडेआठपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले होते, म्हणजे आला असता तर न उचलायला.

भाजी नाही घेतली या आठवड्यात.

२३ एप्रिल

भावजयीचा मेसेज. 'ताई, जमलं तर या. हे तुमची वाट बघतात. बोलता येतंय तोवर या.'

सरांना म्हटलं, सुटी हवी. किती दिवस? माहीत नाही. सर म्हणाले, "उंदरांची काळजी करू नका." हे वाक्य मी सहा वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं. तेव्हा कुणी म्हणालं असतं तरी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

काकांना सांगायला खाली गेले. म्हणाले, "जा बाई. रिकाम्या हाताने नका जाऊ." हसले. मीही हसले.

तिकीट शनिवारचं. त्याच्यासमोर उभी राहून काय म्हणू, कळत नाही. त्याने फक्त 'जा' म्हणू नये.

२७ एप्रिल, रविवार

ढब्बूच्या घरी. काल पोचले. 'जा' म्हणाला नाही.

सकाळी भावजय आणि मी स्वयंपाकघरात पालक निवडत बसलो होतो. मी म्हटलं, माझ्यामुळे चार महिने वाया गेले, निदान आता तारीख घ्या. ती देठं मोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, कसली तारीख? डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं, दुसरं ऑपरेशन होणार नाही. बोलण्याच्या जागेत शिरली आहे. कितीही स्पष्ट दिसली तरी हात लावता येणार नाही, म्हणाले." मी म्हटलं, मग तो थांबतो म्हणाला ते? "मीही तेच विचारलं. तर हे म्हणाले, तिला कळू देऊ नकोस. ताई रोज फोन करायला लागली आहे. कळलं तर परत वाढदिवसाचाच फोन उरेल."

दुपारी चौघं जेवायला बसलो. ढब्बूने ताट पुढे केलं. "ताई, ते... हिरवं... अजून आहे?"

नव्हतं. एकच जुडी आणली होती मी. चौघांना पुरली नाही.